गोड वासाचा परफ्यूम आणि आपल्याकडचं ऊन: या चुका टाळा

मे महिना, लातूर, दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त. नव्या व्हॅनिला-कॅरॅमलच्या परफ्यूमचे सात फवारे मारून मी मांडवात शिरले. अक्षता पडायच्या आत मामी शेजारी सरकली आणि हळूच म्हणाली, "अगं, बासुंदी सांडून घेतलीस का अंगावर?" तिला मळमळत होतं आणि मला वाटत होतं, परफ्यूम केव्हाच उडून गेला.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कळेपर्यंत माझी अर्धी बाटली संपली.

मिठाईच्या वासाच्या या परफ्यूमना गूरमाँ म्हणतात. 1992 साली मुग्लेर या फ्रेंच ब्रँडचा 'एंजल' परफ्यूम आला आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला. त्यात इथाइल माल्टॉल नावाचं गोड वासाचं रसायन भरपूर. जत्रेतल्या बुड्ढी के बालचा जो वास, साधारण तोच. पण जोडीला मातकट वासाची पचौली नावाची वनस्पतीही होती, म्हणून त्याचा नुसता पाक झाला नाही. बाटली निवडताना हेच बघा. फक्त व्हॅनिला, कॅरॅमल आणि मार्शमॅलो असेल तर आपल्याकडे तो जड जातो. सोबत कॉफी, वेलदोडा, पचौली किंवा चंदनासारखं काही असेल तर निभतो.

आता सात फवाऱ्यांकडे येऊ. लिंबू-संत्र्याचे वास लवकर विरतात, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलीन मात्र सावकाश उडतं आणि तासन् तास बसून राहतं. त्यात आपलं नाक एकाच वासाला थोड्या वेळात सरावतं. आपल्याला येईनासा झाला म्हणजे संपला, असं नसतं. शेजारच्याला तो येतच असतो. म्हणून दुपारी पुन्हा मारायच्या आधी घरातल्या कुणाला तरी विचारा. आणि पारा 42 वर असताना तापलेल्या अंगावरून सगळं एकदम वर येतं. गोड वास, घाम, मांडवातली गर्दी! अशा दिवशी एक फवारा, तोही ओढणीच्या आतल्या बाजूला. गळ्यावर नको, नाहीतर दिवसभर आपल्याच नाकाखाली पेढा.

खरं सांगू का, होळीनंतर मी ही बाटली कपाटात ठेवते आणि पाऊस पडेपर्यंत खस किंवा मोगऱ्याचं अत्तर लावते. जुने अत्तरवाले उन्हाळ्यात खस आणि थंडीत हिना काढून देतात, त्यामागे हाच हिशोब आहे. गूरमाँ शोभतो तो दिवाळीनंतर, संध्याकाळी, स्वेटरवर. तेव्हा दोन-तीन फवारेही चालतात.

थंडीत उलटी तक्रार येते: "टिकतच नाही." आपल्याकडची हवा कोरडी, कातडी पांढरी पडलेली, अशा अंगावर परफ्यूम टिकत नाही. अंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम किंवा थोडं व्हॅसलीन लावा, मग फवारा. डोक्याला वासाचं तेल, वर गजरा आणि अंगाला कॅरॅमल, असं तिन्ही एकदम केलंत तर एकाचंही चीज होत नाही.

विकत घेताना कागदाच्या पट्टीवर भुलू नका. पहिल्या पाच-दहा मिनिटांचा वास दुकानदाराच्या कामाचा. आपल्याला तीन तासांनंतरच्या वासासोबत राहायचंय. मनगटावर मारून घ्या, गुलमंडीच्या बाजारात बाकीची खरेदी उरका, रसवंतीत बसा आणि मग ठरवा.

पांढऱ्या कुर्त्यावर थेट मारू नका. व्हॅनिलीनचे पिवळट डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. त्याच कारणाने बाटलीतला परफ्यूमही काही महिन्यांनी तपकिरी होतो. माझ्या बहिणीने खराब झाला म्हणून एक चांगली भरलेली बाटली फेकून दिली! रंगावर जाऊ नका, वास घ्या. आंबट किंवा नेलपॉलिशसारखा झणझणीत येत असेल तरच बिघडला. मात्र पत्र्याच्या घरात माळ्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत ठेवलात तर तो खरोखरच बिघडतो. खोक्यासकट कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा.

मुंग्या लागतील का, असं भाचीने विचारलं होतं. यात साखर नसते, नुसता साखरेसारखा वास. स्पिरिट मात्र भरपूर असतं. निरांजन किंवा गॅसजवळ फवारू नका.

आणि जास्त झालाच, तर? मी त्या दिवशी नळाखाली मनगटं चोळत बसले होते, पण नुसत्या पाण्याने हा वास हलत नाही. कापसावर खोबरेल घेऊन ती जागा पुसायची, मग साबणाने धुवायची. तेलात वास उतरतो. लग्नघरात खोबरेल कुणाकडेही मिळालं असतं, मागायचं सुचलं नाही एवढंच.