गावाची नळयोजना आखताना या चुका टाळा

अंदाजपत्रक तयार झाल्यावर गावाला विचारलं, तर लोकांच्या सूचना इतिवृत्तात राहतात आणि पाइप ठरल्या जागीच जातो. म्हणून विचारणा सर्वेक्षणाच्या आधी करा.

पहिली चूक वेळेची. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी 11 ला ग्रामसभा ठेवली की पाणी भरणाऱ्या बाया वावरात असतात. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते, त्यामुळे कागद मात्र बरोबर दिसतो. सभा रात्री 8 ला घ्या. दवंडी तांड्यावर, पोडावरही (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) फिरू द्या. कोलाम पोडाची बैठक तर तिथंच जाऊन घ्या. ग्रामसभेआधीची महिला सभा सह्यांपुरती उरकणं हा त्या बायांवर अन्याय आहे. कोणती विहीर मे महिन्यातही आटत नाही, हे त्याच अचूक सांगतात.

उद्भव, म्हणजे योजनेला पाणी देणारी विहीर, जानेवारीत तपासणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तेव्हा विहीर भरलेली असते. चाचणी मे महिन्यात घ्या: पंप चालवून पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर पूर्ववत यायला किती तास लागतात, हे लोकांसमोर मोजा. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरप्रमाणे 1,200 लोकवस्तीला रोज 66,000 लिटर लागतात. वीज 6 तासच मिळत असेल तर ताशी 11,000 लिटर उपसा हवा, गळती वेगळी. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी भरपूर लागूनही खारट निघतं. यवतमाळच्या काही गावांत फ्लोराइड असतं. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय ठराव घेऊ नका.

टाकीची जागा ठरवण्याआधी शिवारफेरी काढा आणि चावडीपुढे रांगोळीनं गावाचा चढ-उतार काढा. 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब मिळतो. टाकीच्या तळापेक्षा उंचावरच्या वस्तीला नुसत्या उतारानं पाणी पोचणार नाही. शेवटच्या टोकाला टाकीपासून स्वतंत्र लाइन आणि व्हॉल्व्ह द्या. काळ्या मातीत पाइपाखाली व भोवती मुरूम किंवा वाळू भरा, नाहीतर भेगा पडल्या की सांधे निखळतात.

योजना झाली, तरी टोकाला पाणी नाही? शेवटच्या नळाखाली 15 लिटरची बादली लावा. ती 3 मिनिटांत भरत असेल, तर पाच जणांच्या घराला लागणाऱ्या 275 लिटरसाठी 55 मिनिटं पाणी सुटायला हवं. त्याहून हळू भरत असेल, तर आधी मधल्या घरांचे टिल्लू पंप (नळाला जोडून पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटारी) बंद करून पुन्हा मोजा. फरक पडला तर दोष पाइपाचा नाही. न पडल्यास व्हॉल्व्ह आणि गळती तपासा.

पाणीपट्टीही आधीच ठरवा. वीजबिल, ऑपरेटरचं मानधन आणि दुरुस्ती यांची वार्षिक बेरीज घरांच्या संख्येनं भागून तो आकडा सभेत फळ्यावर लिहा. मजुरी करणाऱ्या घरांना महिन्याला भरणं जड जात असेल, तर वसुली कापूस विकला जाण्याच्या दिवसांत ठेवा.