न्यूरोसर्जनचं रिसर्च रेकॉर्ड कसं वाचायचं? (नुसता एच-इंडेक्स बघून उठू नका)

कुणाकडे फेलोशिप करायची, कुणाला गाइड म्हणून घ्यायचं हे ठरवताना आपण काय करतो, गूगल स्कॉलर (गूगलचं रिसर्च पेपर शोधायचं साधन) उघडतो, उजवीकडचा आकडा बघतो आणि "बापरे, एवढा एच-इंडेक्स!" म्हणून मोकळे होतो. त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही, खरी गंमत खालच्या यादीत असते.

आधी माणूस तोच आहे ना ते बघा. हसू नका, मी एकदा अर्धा तास एकाचे पेपर मोजत बसलो आणि मग लक्षात आलं की त्यातले निम्मे त्याच आडनावाच्या आणि त्याच इनिशियलच्या एका किडनीवाल्या डॉक्टरचे आहेत. ऑर्किड नंबर (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) असेल तर उत्तम, १६ आकडी असतो, २०१२ पासून चालू आहे, पण पेपर त्याला जोडायचे कष्ट सगळेच घेतात असं नाही. पबमेडवर (मेडिकल पेपरांची फुकट ऑनलाइन यादी) पूर्ण नावाने शोधलंत तर २००२ च्या आधीचे पेपर बहुतेक येणारच नाहीत, कारण तेव्हा फक्त आडनाव आणि इनिशियल्स नोंदवायचे, त्यामुळे सीनियर माणूस असेल तर इनिशियलने शोधा आणि हॉस्पिटलचं नाव जोडून गाळा.

आता एच-इंडेक्स. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये काढला. किमान एच सायटेशन (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) असलेले एच पेपर असतील, तो सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा सहा पेपर आहेत आणि सायटेशन आहेत १००, ४०, ९, ५, ४, २. किमान ४ सायटेशनवाले निदान ४ पेपर आहेत, किमान ५ वाले ५ नाहीत, म्हणून एच ४. आता त्या १०० चे २००० झाले तरी एच ४ च! आणि हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस रिटायर झाला तरी चढत राहू शकतो, म्हणून तरुण आणि म्हाताऱ्या सर्जनची तुलना त्याने करू नये. करायचीच असेल तर पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली त्याने एच ला भागा, निदान थोडा न्याय होतो.

स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स (सायटेशन मोजणारे डेटाबेस) तिन्हीकडे एकाच माणसाचा आकडा वेगळा दिसेल. घाबरू नका. स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापायच्या आधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) सगळं मोजतो म्हणून त्याचा आकडा सहसा फुगलेला असतो. फक्त एकाचा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेऊन तुलना करू नका.

मग यादी सायटेशननुसार लावा आणि वरचे दहा पेपर नीट वाचा, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा. नाव पहिलं आहे, शेवटचं आहे की मधे कुठेतरी चाळिसावं? मोठ्या ट्रायलमध्ये पेशंट दिले म्हणून नाव लागतं आणि सायटेशन हजारात जातात, त्यात चूक काही नाही पण तो रिसर्च त्याच्या डोक्यातून आलेला नसतो. दुसरं, पेपर कसला आहे? स्केल आणि ग्रेडिंगला सायटेशन बदाबदा पडतात. टीसडेल आणि जेनेट यांचा १९७४ चा ग्लासगो कोमा स्केल (पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजणारा) घ्या किंवा एव्हीएमसाठीचं (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता) १९८६ चं स्पेट्झलर-मार्टिन ग्रेडिंग, त्या विषयावर लिहायचं म्हटलं की ते द्यावंच लागतं. उलट एखादी सुंदर सर्जिकल टेक्निक शेकडो लोक ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात आणि कुणी साइट करत नाही. रिव्ह्यूला केस रिपोर्टपेक्षा जास्त मिळतात, हेही धरून चाला.

फील्डही बघा. ग्लायोमावर (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीवर) काम करणाऱ्याला कॅन्सरवाले पण साइट करतात, पेरिफेरल नर्व्हवाल्याला (मेंदू-मणक्याबाहेरच्या नसांवर काम करणाऱ्याला) तेवढे वाचकच नाहीत. यावर उपाय म्हणून एनआयएचचं (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) आयसाइट हे ऑनलाइन साधन फुकट आहे, त्यात पेपरांचे पबमेड नंबर टाकले की रिलेटिव्ह सायटेशन रेशो (फील्डच्या मानाने किती सायटेशन) मिळतो, १ म्हणजे त्या फील्डमधल्या एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांच्या मधोमध, २ म्हणजे त्याच्या दुप्पट.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्याच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) माणसाला चिकटवू नका, तो जर्नलचा असतो, आधीच्या दोनच वर्षांच्या पेपरांवरून काढलेला. सेल्फ-सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरला दिलेला संदर्भ) वगळून आकडा स्कोपसवर दिसतो, थोडं असणारच, जुनीच सिरीज पुढे नेली तर स्वतःला साइट करावंच लागतं, पण वगळल्यावर एच धाडकन पडला तर यादी परत उघडा. आणि जाता जाता पबमेडवर एखादा पेपर रिट्रॅक्ट झालाय का (म्हणजे जर्नलने मागे घेतलाय का) तेही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, आणि आकडे लिहून ठेवताना शेजारी तारीख टाका, पुढच्या महिन्यात ते बदललेले असतील.