झुरळं, ढेकूण, मच्छर आणि घरात रांगणारं बाळ : या चुका टाळा

आमच्याकडे पहिली चूक खडूची झाली. परळच्या चाळीतलं घर, मुलगी अकरा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, आणि सासूबाईंनी नेहमीसारख्या ओट्याखाली, कपाटामागे, दाराच्या चौकटीला झुरळांच्या खडूच्या रेघा मारल्या आणि उरलेला तुकडा खालच्याच फडताळात ठेवून दिला. दहा मिनिटांनी बघते तर बाईसाहेबांच्या मुठीत खडू आणि ओठ पांढरे. मी किंचाळले, शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या, "आधी उलटी काढ तिची!" नशीब की मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले तोंड ओल्या फडक्याने आतून पुसा, हात साबणाने धुवा, खडूचं पाकीट घ्या आणि या. पोरगी ठणठणीत होती, पण मिठाच्या पाण्यावरून त्यांनी मला जे झापलं ते अजून लक्षात आहे.

मिठाचं पाणी पाजलं की लहान मुलांच्या रक्तातलं सोडियम एकदम वाढतं, झटके येऊ शकतात. म्हणजे खडूने झालं नसतं ते मिठाने झालं असतं. आणि पोटात गेलेली गोष्ट रॉकेल किंवा मच्छरच्या मशीनमधल्या लिक्विडसारखी तेलकट असेल तर उलटी काढायचीच नाही, वर येताना ती फुफ्फुसात उतरते आणि न्युमोनिया होतो. दूध, तूप, लिंबूपाणी यातलंही काही पाजत बसू नका. डबा किंवा पाकीट हातात घ्या आणि निघा, कारण डॉक्टरला औषधाचं नाव लागतं, "ते निळ्या डब्यातलं" सांगून काही कळत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, मोबाइलमध्ये सेव्ह करा. मूल बेशुद्ध असेल, श्वास नीट नसेल, झटके येत असतील तर तिकडे फोन करत बसू नका, सरळ १०८.

अजून एक अस्सल मुंबईकर सवय, पेस्ट कंट्रोलवाल्याने उरलेलं औषध "राहू दे ताई, नंतर मारा" म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून देणं. फिनेल, ॲसिड, रॉकेल, सगळंच आपण असं ठेवतो. मुलाला ती पाण्याचीच बाटली दिसते. उरलेलं घ्यायचंच नाही, परत ने म्हणायचं.

झुरळांचं बोलायचं तर लोक म्हणतात जेल लावलं तरी झुरळं जात नाहीत. विचारलं तर कळतं जेलही लावलं, वर स्प्रेही मारला. मग कसं जाणार? जेल म्हणजे खाऊ आहे, झुरळाने येऊन खायला हवं, आणि स्प्रेच्या वासाने ते तिकडे फिरकतच नाही. दोन्हीतलं एकच निवडा, आणि घरात रांगतं बाळ असेल तर जेल बरं, कारण ते बिजागरीच्या आत, फ्रिजच्या मागे, बाळाचं बोट पोचणार नाही तिथे थेंब थेंब लावता येतं. स्प्रे लादीवर बसतो, बाळ लादीवर हात टेकतं आणि तेच हात तोंडात जातात. बोरिक पावडर पिठात मळून गोळ्या करायची आजीची पद्धत काम करते हो, पण त्या गोळ्या पेढ्यासारख्या दिसतात, एवढंच सांगते. आणि रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये, ओट्याखाली टपकता पाइप हे तसंच राहिलं तर कुठलंच औषध पुरणार नाही.

ढेकणांच्या बाबतीत मात्र मला भीती वाटते आणि हा परिच्छेद कृपया सोडू नका. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, काही लोक ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी घरात ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो, भिंतीच्या फटीतून, पाइपच्या भोकातून तो शेजारच्या खोलीतही जातो, त्यावर उतारा नाही. उलट्या सुरू होतात, घरच्यांना वाटतं बाहेरचं खाल्लं असेल, आणि लहान मुलांना सगळ्यात आधी लागतं. या गोळ्या राहत्या घरासाठी नाहीतच. आपल्याकडे नाही तर नाही, शेजारी बंद फ्लॅटमध्ये काही ठेवून गावी चाललाय का हेही विचारा. भोचकपणा वाटला तरी चालेल.

ढेकूण रोग पसरवत नाही, खाज आणि रात्रीची झोपमोड एवढंच. म्हणून घाई नको. चादरी, उशीचे अभ्रे, झबली गरम पाण्यात, ६० डिग्रीला धुवा, गादीच्या शिवणी आणि खाटेचे सांधे व्हॅक्युमने ओढून घ्या. खाटेत रॉकेल ओतणं म्हणजे झोपायच्या जागी आगीला आमंत्रण. माणूस बोलावलात तर लायसन्सवाला, आणि औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, साधारण दोन आठवड्यांनी दुसरी लागते. लोक पहिलीनंतर थांबतात आणि मग "काही उपयोग नाही झाला" म्हणतात.

डांबर गोळ्या. माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनी झबली-टोपडी काढायची आणि वास येतोय म्हणून दोनदा झटकून बाळाला घालायची, हे प्रत्येक घरात होतं. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, अशा बाळाच्या रक्तपेशी या गोळ्यांच्या नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळात ते कमी आहे का हे आधी कुणाला माहीत असतं? गोळ्या वापरूच नका. कापूरही तसाच. देव्हाऱ्यातला तुकडा गिळला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, म्हणून कापराची डबी वरच्या फळीवर, आणि चावलेल्या जागी बाळाला कापरावालं बाम चोळणं बंद.

मच्छर सगळ्यांना संध्याकाळी आठवतात. दारं-खिडक्या बंद, कॉइल लावली, झालं. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी. कॉइलचं म्हणाल तर एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं, १० बाय १२ च्या खोलीत बाळाशेजारी ती लावायची का तुम्हीच बघा. अंडी ते मच्छर हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, म्हणून आठवड्यातून एकदा फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, पिंप रिकामं करून आतून घासायचं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. बिल्डिंगच्या टाकीचं झाकण उघडं असेल तर सेक्रेटरीच्या मागे लागा, मुंबईतला मलेरियाचा मच्छर टाकीतच वाढतो.

क्रीम लावताना बाळाच्या हातांना लावू नका, हात तोंडात जातात. डीटवालं (डीट म्हणजे मच्छर पळवणारं रसायन) क्रीम दोन महिन्यांखाली नको, लेमन युकॅलिप्टसवालं तीन वर्षांखाली नको, आणि "नॅचरल आहे" म्हणून निलगिरीचे थेंब कपाळावर तर अजिबात नको.

आणि चावल्यावर? टूथपेस्ट, चुना, लसूण काही नाही. साबण-पाण्याने धुवा, थंड ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, कॅलामाइन लावा, नखं कापा. खाजेचं सिरप मोठ्या मुलाचं उरलंय म्हणून दोन वर्षांखालच्याला डॉक्टरला न विचारता देऊ नका, आणि पावसाळ्यात ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनही नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मधमाशीचा काटा दिसला तर नखाने, कार्डाने, कशानेही पण पटकन काढा. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक बारीक लाल-काळा किडा येतो, तो अंगावर चिरडला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो, आणि आमच्या चाळीत लगेच "नागीण आहे, मंतरून आणा". तो किडा फुंकून उडवायचा, चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवायची.

ओठ-डोळे सुजले, घरघर लागली, अंगभर गांध्या येऊन मूल मलूल झालं तर वाट बघू नका, १०८. चावलेली जागा दुसऱ्या दिवशी गरम लागतेय, पिवळी खपली येतेय, लाली पसरतेय तर त्याच दिवशी डॉक्टर. लाली पसरतेय की नाही हे नजरेला कळत नाही, म्हणून कडेने बॉलपेनने गोल काढून ठेवा आणि काही तासांनी बघा. माझ्या मुलीच्या पोटरीवर असा निळा गोल दोन दिवस होता, प्लेग्रुपच्या टीचरने विचारलं, टॅटू कुठून काढला?