दारू सुटल्यावर मनाच्या बाबतीत या चुका टाळा

पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात 35 दिवस राहून माणूस घरी येतो. अंगावर थोडं मांस चढलेलं, हात थरथरत नाहीत. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आणि आठवड्याभरात तो पांघरूण ओढून पडून राहायला लागतो, रात्र रात्र जागतो, लेकरांवर खेकसतो. मग कुणीतरी म्हणतंच, ‘आता काय झालं? दारू तर सोडलीस ना!’

हे वाक्य तेवढं गिळा. वर्षानुवर्षं दारूच्या आधाराने चाललेला मेंदू एकदम ताळ्यावर येत नाही. झोपेची घडी बसायला तर कित्येकदा महिने लागतात. दारूमुळेच आलेली उदासी साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते. म्हणून चौथ्याच दिवशी ‘याला डिप्रेशन आहे’ असा शिक्का मारणं घाईचं ठरतं. पण महिना उलटून गेला तरी माणूस तसाच असेल, तर ‘सुरुवातीला असं होतंच’ म्हणत बसणं त्याहून वाईट. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचं. (मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी. तिथे महिना मोजायचा नाही.)

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट आठवून ठेवा: दारू सुरू व्हायच्या आधी हा कसा होता? मध्ये सहा महिने बंद होती, तेव्हा कसा होता? चार लोकांत बोलायची भीती वाटायची म्हणून पहिला पेग घेतलेले कितीतरी जण असतात. त्यांची दारू गेली की ती भीती पुन्हा समोर उभी राहते. तिच्यावर उपचार झाले नाहीत, तर बाटलीकडे परत जायला वेळ लागत नाही.

सर्वांत जास्त घोळ गोळ्यांचा. ‘दारू सुटली आणि गोळ्यांचं व्यसन लागलं’ असं बायको, भाऊ, कधी कधी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधला (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या गटातला) जुना सभासदही म्हणतो. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांनी नशा होत नाही. गुण यायलाच त्यांना काही आठवडे लागतात. नशेसाठी इतकं थांबतं कोण? बरं वाटलं म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत, एवढंच. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची गोष्ट वेगळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय खरोखरच लागते. दारू सोडवताना डॉक्टर त्या गटातली औषधं मोजक्या दिवसांसाठी देतात आणि उतरवत नेतात. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी मेडिकलमधून आणत राहणं थांबवा.

दारूपासून लांब ठेवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी भाजीत, चहात चोरून घालणं हा तर जिवाशी खेळ आहे. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली, की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हृदयविकार असेल तर मृत्यूही ओढवू शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. रुग्णाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच ती द्यायची असते. वरून नवऱ्याला चोरून औषध दिल्याचं कळलं की त्याचा घरातल्या जेवणावरचाही विश्वास उडतो. संशयी झालेल्या मनाला आणखी काय हवं?

घरीच खोलीत कोंडून दारू ‘एकदम बंद’ करायला लावणं तितकंच धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर साप दिसतात, नसलेली माणसं बोलतात. घरचे बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे धावतात. ती बाधा नसते, वेडही नसतं. तो दारू तुटल्याचा मेंदूवर झालेला परिणाम असतो आणि त्याची जागा हॉस्पिटल.

आणि स्लिप झालीच, म्हणजे सुटलेली दारू पुन्हा घेतलीच, तर? ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणून आरडाओरडा केलात, की पुढची स्लिप तो लपवणार. त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करा. आधीचा आठवडा कसा गेला, झोप किती होती, गोळ्या चालू होत्या का, हे विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि औषधांचा साठा हलवा आणि हॉस्पिटल गाठा. काही सुचत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.