मंडळीच्या ग्रुपवरचा गोंधळ असा सुटला

नागपुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं सदर, जरीपटका, पार बुटीबोरीपर्यंत विखुरलेली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच. गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली कुणाच्या तरी ऑपरेशनची प्रार्थना-विनंती गाडली जायची. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवणारी यादी, करून पाहिली. पण ज्यांच्या फोनमध्ये पाळकाचा, म्हणजे माझा, नंबर सेव्ह नाही, त्यांना मेसेज पोचतच नाही. मग व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी केली. ही सोय २०२२ पासूनची. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहितात: उपासनेची वेळ, अंत्यविधी, बस्स. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल त्याखाली वेगवेगळे.

प्रार्थना-विनंतीसाठी गूगल फॉर्म. ईमेल विचारत नाही, नाव ऐच्छिक. सगळं शीटमध्ये थेट माझ्याकडे येतं. घरातलं दुखणं चारचौघांत कोण मांडतं हो? साधा फोन असलेल्या आजींना मात्र शनिवारी संध्याकाळी मीच फोन लावतो.