जुन्या मोटारसायकलचा क्लच: ढिलीपासून प्लेटपर्यंत

दुचाकीचे काम शिकू लागल्यावर पहिली दोन वर्षे मी क्लचचा प्रत्येक बिघाड हँडलजवळच शोधत असे, कारण तिथला अ‍ॅडजस्टर हाताने फिरतो, त्याला पाना लागत नाही आणि दोन आटे फिरवले की लगेच फरक जाणवतो. गिअर कडक पडतात म्हणून आलेल्या एका गाडीची सगळी ढील, म्हणजे क्लचच्या लिव्हरची केबल ताठ होण्याआधीची मोकळी हालचाल, मी अशीच काढून टाकली. गिअर अलगद पडू लागले आणि काम झाले असे मला वाटले. काही आठवड्यांनी तीच गाडी परत आली, तेव्हा चढावर इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडी ओढत नव्हती. कव्हर उघडल्यावर फ्रिक्शन प्लेट करपलेल्या आणि स्टील प्लेटवर निळसर डाग पडलेले दिसले. ते नुकसान माझ्या हातून झाले होते, आणि हे काम नव्याने शिकणाऱ्यांनी तीच चूक करू नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक जुन्या मोटारसायकलींत तेलात बुडालेला, अनेक प्लेटचा क्लच असतो. अस्तर असलेली फ्रिक्शन प्लेट आणि साधी स्टील प्लेट अशा आलटून पालटून बसवलेल्या असतात. फ्रिक्शन प्लेटचे कान बाहेरच्या बास्केटच्या खाचांत आणि स्टील प्लेटचे दाते आतल्या हबमध्ये अडकलेले असतात, आणि स्प्रिंगांच्या जोरावर प्रेशर प्लेट हा सगळा थर दाबून धरते. लिव्हर ओढला की केबल आतली भुजा फिरवते, भुजा पुशरॉड ढकलते, प्रेशर प्लेट जेमतेम एक-दोन मिलिमीटर उचलली जाते आणि प्लेट सुट्या होतात. हे अंतर इतके थोडे असल्यामुळे वाटेत कुठेही थोडी ढील अधिक किंवा उणी झाली, तरी त्याचा परिणाम थेट चालवणाऱ्याच्या हाताला कळतो.

लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे टोकाशी १० ते २० मिलिमीटर, मोकळी ढील असावी. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. मात्र ढील किती आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेने बदलत गेली, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. केबल ताणली गेली किंवा तिचे बाहेरचे कव्हर दबले की ढील वाढते, लिव्हर पूर्ण ओढूनही प्लेट सुटत नाहीत, पहिला गिअर खाडकन पडतो आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडत नाही. याउलट प्लेट झिजल्या की त्यांचा थर पातळ होतो, प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड भुजेकडे ढकलला जातो आणि ढील आपोआप कमी होत जाते. ती पूर्ण संपली की स्प्रिंगांचा जोर प्लेटवर पुरता पडत नाही आणि क्लच घसरू लागतो. म्हणून गाडी हातात आली की आधी मालकाला विचारावे, की लिव्हर अलीकडे सैल होत गेला की ताठ. या एका उत्तरावरून केबलकडे वळायचे की प्लेटकडे, हे बऱ्याच वेळा ठरते.

जुळवणी नेहमी थंड इंजिनावर आणि आतून बाहेर या क्रमाने करावी. प्रथम हँडलजवळचा आणि खालचा, असे केबलचे दोन्ही अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करावेत. मग पुशरॉडच्या स्क्रूचा लॉकनट ढिला करून स्क्रू बोटांच्या हलक्या जोराने आत फिरवावा. तो रॉडला टेकल्याचे हाताला जाणवते आणि तिथेच थांबावे. तिथून तो पाव फेरा, काही गाड्यांत त्याहूनही कमी, मागे घ्यावा आणि स्क्रू पेचकसाने धरून ठेवूनच लॉकनट आवळावा. स्क्रू न धरता नट आवळला तर स्क्रूही त्याबरोबर फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर खालच्या अ‍ॅडजस्टरने बहुतेक ढील काढावी आणि हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर शेवटच्या बारीक फरकासाठी राखून ठेवावा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वळवताना ढील बदलत असेल, तर केबल चुकीच्या मार्गाने नेलेली आहे किंवा कुठेतरी आवळली गेली आहे.

केबलकडे नुसती नजर टाकून भागत नाही. लिव्हरमधून तिचे टोक काढून निपलजवळची (तारेच्या टोकावरच्या धातूच्या गोळीजवळची) तार बोटांच्या चिमटीत फिरवली, की तुटलेला एखादा धागा टोचतो. एकही धागा तुटलेला आढळला तर ती केबल बदलावी, कारण उरलेले धागे भर रस्त्यात तुटतात. निपल लिव्हरमध्ये सहज फिरला पाहिजे. तो अडकला की तार दर वेळी एकाच जागी वाकते आणि तिथेच तुटते, म्हणून तिथे थोडे ग्रीस लावावे.

जुळवणी बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर कव्हर उघडण्यापूर्वी तेलाची चौकशी करावी. मोटारींसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात आणि ती ओल्या क्लचला चालत नाहीत. डब्यावर जासो एमए (JASO MA) ही ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण पाहावी. तेल योग्य असेल तर मात्र प्लेट बाहेर काढाव्यात. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजावी. स्टील प्लेट जाड काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (ठराविक जाडीची मापाची पातळ पट्टी) सरकवावा, म्हणजे वाकडेपणा कळतो. स्प्रिंगांची लांबी एकमेकींशी आणि पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहावी, कारण एखादी खचलेली असली तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते. नव्या प्लेट बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवाव्यात. कोरड्या बसवल्या तर त्या पहिल्याच फेरीत करपू शकतात.

क्लच सुटत नसेल आणि केबल निर्दोष असेल, तर बास्केटच्या बोटांवरून नख फिरवून पाहावे. प्लेटचे कान वर्षानुवर्षे आपटून तिथे खाचा पडतात आणि प्लेट बाजूला सरकण्याऐवजी त्या खाचांत अडकतात. उथळ खाचा बारीक कानशीने, सर्व बोटांवर सारख्याच, साफ करता येतात. खोल असतील तर बास्केट बदलणे मला योग्य वाटते, कारण जास्त घासल्यावर बोटे कमकुवत होतात आणि कानांभोवती खडखड वाढते. गाडी बरेच दिवस उभी असली, तर अनेकदा दोष यांपैकी कशातच नसतो. प्लेट एकमेकींना चिकटलेल्या असतात. ज्या गाड्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत जातो, त्यांत लिव्हर ओढून चार-पाच किका मारल्या की प्लेट सुटतात आणि किक हलकी लागते.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा, लिव्हर ओढावा आणि गाडी ढकलून पाहावी; थंड तेलाचा थोडा अडथळा वगळता ती सरकली पाहिजे. नंतर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल एकदम उघडावा आणि इंजिनाच्या आवाजाबरोबर गाडीचा वेगही वाढतो का, ते पाहावे. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे, ढील पुन्हा मोजावी आणि ते माप किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहून ठेवावे, म्हणजे तीच गाडी पुढच्या वेळी आल्यावर ढील वाढली की घटली, हे मालकाच्या आठवणीवर सोडावे लागणार नाही.