बेळगावात न्याय्य भावाच्या कॉफीचं दुकान

कॉफी चिकमगळूर किंवा कोडगूच्या छोट्या बागायतदारांकडून थेट घ्या. अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते. भाव त्याआधीच ठरवा आणि काही रक्कम आगाऊ द्या, कारण मजुरीला पैसा नसला की शेतकरी दलालाला पडत्या भावात माल देतो. फेअरट्रेडचं, म्हणजे न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्राचं, चिन्ह परवान्याशिवाय लावू नका. खरेदीची पावती भिंतीवर लावा, ती जास्त बोलते.

हिशेब बहुधा भाजणीत चुकतो. वजन सुमारे 15 टक्के घटतं, म्हणजे 10 किलो हिरव्या बियांचे साडेआठ किलो उरतात. कपाला 18 ग्रॅम धरले तर 470 कप, सांडलवंड वजा जाता 450. शेतकऱ्याला किलोमागे 100 रुपये जादा दिले, तरी कपामागे सव्वादोन रुपयेही पडत नाहीत. एवढं गिऱ्हाईक आनंदाने देतं, फक्त त्याला सांगायला हवं.

इथल्या पावसाळ्यात दळलेली पूड ओल धरते, मग फिल्टर तुंबतो. लागेल तेवढीच दळा. बिया हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. दूध 65 अंशांपर्यंतच तापवा. पुढे गोडवा जातो.

पाटीवर 60 टक्के कन्नड कायद्याने हवंच, उरलेल्या जागेत मराठी ठळक लिहा.